मल्लखांब : कुस्तीचा जोडव्यायाम

मल्ल म्हणजे पैलवान. नावाप्रमाणेच मल्लखांब हा मूळचा पैलवानांचा पूरक व्यायाम. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले. एरंडेल तेल लावलेल्या लाकडी खांबाला अढी मारताना मांड्या, पोट व हातांची पकड मजबूत होते. उलटसुलट फिरताना अंग लवचीक राहते आणि तोल सावरण्याची सवय लागते. कुस्ती किंवा ज्युदोत हेच कामी येते.

आज मल्लखांब हा स्वतंत्र स्पर्धात्मक खेळ आहे. आपल्या मध्य प्रदेशाने २०१३ साली त्याला राज्यखेळाचा दर्जा दिला. कुस्ती शिकणाऱ्या मुलांना तो जरूर शिकवावा, पण प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. मात्र खांब उलट डाव टाकत नाही. म्हणून जोडीदाराबरोबरची लढत सोडू नये.