काल (वैशेषिक दर्शन)
कणादप्रणीत वैशेषिक दर्शनातील ९ द्रव्यांपैकी एक. नित्य, एकच व सर्वव्यापी. काल दिसत नाही, अनुमानानेच कळतो. दोन भाऊ एकाच ओसरीवर शेजारी बसले, तरी एक थोरला, दुसरा धाकटा. हे अंतर जागेचे नव्हे. थोरल्याच्या जन्मापासून सूर्याच्या फेऱ्या जास्त झाल्या आहेत. त्या दूरच्या फेऱ्यांचा ओसरीवरल्या भावांशी संबंध जोडणारे द्रव्य म्हणजे काल. क्षण, दिवस, वर्ष हे भेद औपाधिक, म्हणजे सूर्यगतीसारख्या क्रियांमुळे भासणारे. युक्तिवाद देखणा आहे, पण सर्वमान्य झाला नाही. सांख्यांनी काल हे वेगळे तत्त्व मानले नाही. योगसूत्रांवरील व्यासभाष्यानुसार क्षण खरा, मात्र मुहूर्त व अहोरात्र बुद्धीने रचलेले. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेच्या १९व्या प्रकरणात कालाचे स्वतंत्र अस्तित्वच नाकारले.