यारी, चेन कप्पी आणि पडवीतली क्रेन

नगरच्या इतिहासावर लिहिणारे बहुतेकजण भुईकोट किल्ला, चांदबिबी आणि नेहरूंची बंदिवासातली खोली इथे थांबतात. मी गेली काही वर्षे एका साध्या प्रश्नामागे आहे : या जिल्ह्यात माणसांनी जड वस्तू उचलल्या कशा? (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, जुन्या सवयीने मी नगरच म्हणतो.)

सर्वांत मोठे ओझे अर्थातच मलिक-ए-मैदान तोफेचे. 1549 मध्ये निजामशाहीत, नगरात ती ओतली गेली. वजन सुमारे 55 टन. पुढे ती परांड्याला गेली आणि तिथून 1632 मध्ये विजापूरला. ती ओढायला किती बैल आणि किती हत्ती लागले याच्या गोष्टी सगळे सांगतात. मला कुतूहल आहे ते उताराचे. चढावर बैल ओढतील, पण उतारावर ही तोफ मागे धरून कशी ठेवली असेल? उचलणे किंवा ओढणे वेगळे आणि धरून ठेवणे वेगळे. माझ्या मते ओझ्याचा सारा इतिहास या दुसऱ्या गोष्टीचा आहे.

मोटेचे उदाहरण घ्या. बैल धावेवरून उतरत, नाडा चाकावरून सरके, भरलेली मोट वर येई. मोट हाकणारा उतरताना नाड्यावर बसून आपलेही वजन देई. पण मोट धरून ठेवणारी बैलांखेरीज दुसरी गोष्ट नव्हती. बैल बिचकले की मोट खाली. पाण्याचे नुकसान पाण्यापुरते, म्हणून चालून गेले.

मग इंजिने आली. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीचे संथ फिरणारे डिझेल इंजिन 1929 चे. त्याच्या नकला पुढे राजकोटला निघाल्या आणि गावोगाव पोचल्या. पुण्यात 1946 मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. आपल्याकडे अडचण विहिरींच्या खोलीची. पंप पाणी ओढतो म्हणजे खरे तर बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते, आणि ती ढकलून ढकलून सव्वादहा मीटर. व्यवहारात सात मीटरच्या आसपासच. पाणी त्याखाली गेले की पंप आणि इंजिन दोन्ही विहिरीत उतरवायचे. 1972 च्या दुष्काळात विहिरी खोल गेल्या, तशी इंजिनेही खोल गेली. धुराने आत गुदमरण्याचा धोका वेगळाच. (त्याच 1972 साली किनेटिकची लुना आली. नगरला त्यांचा कारखाना. तिचे इंजिन एका हाताने उचलता येई, हा नगरच्या यंत्रांमधला एक सुखद अपवाद.)

1983 च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातल्या आमच्या विहिरीतून असे एक इंजिन वर काढायचे होते. दोन मोठ्या चाकांसकट वजन तीनशे किलोच्या पुढे. तोंडावर आडवे लाकूड, त्याला साधी कप्पी, सहा माणसे दोरावर. माझ्या काकांनी पकड घट्ट राहावी म्हणून दोराचा वेढा उजव्या हाताला घेतला. मधल्या दोघांचे पाय घसरले आणि दोर धावला. काकांची दोन बोटे गेली. इंजिन विहिरीच्या टप्प्यावर आपटून फुटले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो.

गंमत अशी की यावर उपाय तेव्हा सव्वाशे वर्षे जुना होता. वेस्टन नावाच्या कारागिराने 1850 च्या दशकात दोन असमान व्यासांची, एकत्र फिरणारी चाके आणि साखळी वापरून कप्पी केली. तिच्यात घर्षण इतके की हात सोडला तरी ओझे जागचे हलत नाही. आजच्या चेन कप्पीत दातेरी चाके आणि आपोआप धरणारा ब्रेक असतो. एक माणूस हळूहळू साखळी ओढतो आणि थांबला की ओझेही थांबते.

विहीर खणायच्या यारीत मात्र ओझे पुन्हा ब्रेकवर आणि तारेच्या दोरावर आले. आत खाली माणसे, वर मुरमाने भरलेली बादली. दोराचे धागे उसवलेले दिसत असूनही काम चालू ठेवले जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि मला ते अक्षम्य वाटते.

गेल्या वर्षी माझ्या मुलाला जुन्या जीपचे इंजिन घरीच उतरवायचे होते. लष्कराच्या गावात डिस्पोजलच्या जीपगाड्यांचा नाद पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. त्याने पडवीच्या लोखंडी कैचीला चेन कप्पी टांगली. कप्पी एक टनाची, उत्तम. पण कैची पत्र्याचे वजन आणि वारा पेलायला केलेली; मधोमध टांगलेले इंजिन तिच्या हिशेबात नाही. स्लॅबमधला पंख्याचा हुकही तसाच. मी कप्पी उतरवायला लावली आणि आम्ही चाकांची, घडी होणारी हायड्रॉलिक क्रेन घेतली.

घेताना आकड्याला भुलू नये. ‘दोन टन’ हा आकडा हात पूर्ण आत असतानाचा. हात जसजसा बाहेर काढावा तशी क्षमता उतरते आणि शेवटच्या भोकाला बहुधा पाव हिस्साच उरते. जीपच्या नाकावरून आत पोचायला हात लांबच लागतो, तेव्हा हिशेब त्या भोकाचा करायचा. हाताची उंची पुरते का आणि पाय गाडीखाली जातात का, हे घरून मापे घेऊनच ठरवावे. जॅकच्या दांड्यावर तेल ओघळलेले दिसले तर ती क्रेन तिथेच सोडावी.

साखळी बांधण्याचे गणित मला शाळेत कोणी सांगितले नाही. दोन पदरांची साखळी उभट असेल तर प्रत्येक पदरावर वजनाच्या निम्म्याहून थोडे अधिक येते. पदर पसरून आडव्याशी 30 अंशांचा कोन झाला की प्रत्येकावर पूर्ण वजन! म्हणून साखळी लांब घ्यावी, कोन साठ अंशांच्या वर ठेवावा. इंजिनाला साखळी धरणारे बोल्टही चांगल्या प्रतीचे, पूर्ण आट्यांनी बसलेले हवेत.

फरशी सपाट हवी. इंजिन दोन बोटे उचलून थांबावे आणि एखादी वायर, नळी किंवा बोल्ट अडकला आहे का ते पाहावे. वर आले की क्रेन ढकलून न्यायची ती गाडी मोकळी होताच इंजिन खाली घेऊनच. उंच टांगलेले ओझे घेऊन छोटी चाके एखाद्या खड्यालाही अडतात आणि क्रेन कलंडते. ओझ्याखाली हातसुद्धा घालायचा नाही. सोडायचा व्हॉल्व्ह केसभर फिरवायचा. आणि इंजिन स्टँडवर बसेपर्यंत काम संपले असे समजायचे नाही, कारण जॅक ओझे धरतो ते तेलाच्या दाबावर आणि रबरी सीलवर.

त्या दिवशी काका गावाहून आले होते. आता सत्तरी ओलांडली आहे. खुर्ची टाकून ते सगळे पाहत होते. इंजिन हवेत थांबले आणि मुलाने दांडा सोडून हात पुसले, तेव्हा काका उठले, दोन पावले मागे उभे राहून पाच मिनिटे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “कुणीच धरलेलं नाही?”

“नाही, आजोबा.”

“मग घे खाली. सावकाश.”

व्हॉल्व्ह त्यांनीच फिरवला, डाव्या हाताने.