फ्रबेलच्या बालोद्यानातील वाफे

‘किंडरगार्टन’ या जर्मन शब्दाचा अर्थ ‘मुलांची बाग’ असा होतो. मराठीत त्यासाठी ‘बालोद्यान’ हा प्रतिशब्द योजिला गेला. या नावातील बाग बहुधा रूपक म्हणूनच समजली जाते : बालके ही रोपे आणि शिक्षिका ही माळीण. फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) याला हा अर्थ अभिप्रेत होताच. तथापि त्याच्या योजनेत माती, बी आणि पाणी यांची खरीखुरी बागही होती, आणि ती शिक्षणक्रमाचे आवश्यक अंग होती, ही गोष्ट पुढे पुष्कळ अंशी विस्मृतीत गेली.

फ्रबेलचा जन्म थुरिंजियाच्या डोंगराळ व वनाच्छादित प्रदेशात झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी तो वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीस राहिला. पुढे बर्लिन येथे त्याने स्फटिकशास्त्राचा अभ्यास केला. सृष्टीतील वाढीचे नियम आणि मनुष्याच्या विकासाचे नियम मूलतः एकच होत, ही त्याची श्रद्धा या अनुभवांनी दृढ झाली. १८१७ पासून कायलहाऊ येथे त्याने शाळा चालविली. १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली, आणि तिलाच १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ हे नाव मिळाले.

बागेची रचना त्याने विचारपूर्वक ठरविली होती. मधोमध प्रत्येक मुलाचा स्वतःचा लहानसा वाफा आणि त्यांच्या सभोवती सर्वांचे सामाईक वाफे. सामाईक वाफ्यांत एकीकडे फुलझाडे, तर दुसरीकडे धान्य व भाजीपाला. जागा अपुरी असल्यास दोघांनी मिळून एक वाफा करावा. रोपांजवळ त्यांची नावे लिहिलेल्या पाट्या असाव्यात. बर्फ वितळून माती मोकळी झाली, म्हणजे वसंतात या कामास आरंभ होई. बी पेरणे, अंकुराची वाट पाहणे, तण काढणे, पाणी घालणे हाच त्या दिवसांतील पाठ.

या रचनेत एक सामाजिक तत्त्व गोविलेले आहे. स्वतःच्या वाफ्यात मुलाने हवे ते, हवे तसे लावावे. हयगय झाली तर रोप सुकेल, आणि सुकलेले रोप शिक्षकाच्या बोलण्यावाचूनच त्याला उमज देईल. सामाईक वाफ्यांची निगा मात्र सर्वांनी मिळून राखावयाची. व्यक्तीचे स्वातंत्र्य समाजाच्या कुंपणात सुरक्षित असते, हे पाच वर्षांच्या मुलाला व्याख्यानाने कळणे शक्य नव्हते. वाफ्यांच्या मांडणीतून ते हाताला कळत असे.

७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या शासनाने बालोद्याने निरीश्वरवादी व समाजवादी ठरवून त्यांवर बंदी घातली. या निर्णयास फ्रबेल व त्याचा पुतण्या कार्ल यांच्या लिखाणातील गल्लतही कारण झाली. पुढील वर्षी फ्रबेल निवर्तला. बंदी उठली ती १८६० मध्ये. दरम्यान त्याचे अनुयायी इंग्लंड, अमेरिका आदी देशांत पोचले. त्यांच्याबरोबर लोकरी चेंडू, लाकडी गोल, घन व ठोकळे यांची ‘देणग्या’ नामक मालिका सहज गेली, कारण ती पेटीत मावत असे. बाग पेटीत मावणारी नव्हती. शहरातील भाड्याच्या खोल्यांत ठोकळे राहिले, वाफे मागे पडले. साधनांची ठरीव कवायत म्हणजेच फ्रबेलपद्धती, हा समज बळावण्यास ही परिस्थिती बरीचशी कारणीभूत झाली. बर्लिनमध्ये हेन्रिएट श्राडर-ब्रायमान यांनी १८७४ च्या सुमारास उभारलेल्या पेस्टालोत्सी-फ्रबेल भवनात बागकाम व घरकाम यांना पुन्हा स्थान मिळाले, हा महत्त्वाचा अपवाद होय.

बालशिक्षण भिंतींत कोंडले जाण्याचा हा प्रश्न केवळ जर्मनीचा नव्हता. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांची वाट निराळी, माँटेसरीच्या विचारातून निघालेली. १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू झालेले त्यांचे कार्य १९५७ मध्ये डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे गेले. तेथे गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे पाहून त्यांनी कुरणातच शाळा नेली आणि पाने, बिया, खडे यांनाच साधने केले. फ्रबेलने मुलांसाठी बाग आखली. कोसबाडला मुलांचे नित्याचे रानच शाळा झाले. मराठीतील ‘वाडी’ शब्दात झाडांची बाग व माणसांची वस्ती असे दोन्ही अर्थ नांदतात. म्हणून ‘बालवाडी’ हे नाव उच्चारताना त्यातील झाडांचा अर्थ गळू देणे म्हणजे ब्लांकेनबुर्गच्या वाफ्यांचीच विस्मृती पुन्हा घडविणे होय.