सागवानी टेबल, पांढरा दिवा आणि लग्नाचा चौक

डहाणू-तलासरीच्या आपल्या काही बचत गटांत आता दिव्यांवर वारली चित्रं काढतात. गिऱ्हाईक म्हणतं, घरात आजोबांच्या वेळचं सागवानी टेबल आहे, त्यावर उठून दिसेल असा दिवा द्या. गडद लाकडाशेजारी उजळ रंग, ही शहरातली नवी आवड. आम्हाला हसू येतं. आपल्या भिंतीवर ही जोडी कधीची आहे!

कुडाची भिंत शेणाने सारवायची, वर गेरूचा हात द्यायचा आणि बांबूची काडी ठेचून तांदळाच्या पिठाने लिहायचं. लग्नाचा चौक सवासिणी लिहितात, मध्ये पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी, तीही बाईच. पूर्वी झोपडीत खिडकी नसायची, उजेड काय तो चिमणीचा. तेवढ्यात गेरूवरचं पांढरंच दिसणार. ही जोडी हौसेपेक्षा गरजेने टिकली असावी, असं आम्हाला वाटतं.

चिकूच्या वाड्यांमधल्या जुन्या बंगल्यांतही तीच जोडी दिसते. खाली काळसर कपाटं, आरामखुर्च्या; वर दुधी काचेच्या हंड्या. साग आपल्या जंगलांतला. ठेकेदारांच्या कुपावर तो तोडायला जात आपलेच आजे-पणजे, तुटपुंज्या मजुरीवर.

आणि ज्या लग्नासाठी चौक लिहायचा, त्याच लग्नाला सावकाराचं कर्ज. ते फिटेपर्यंत नवराबायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. अशांना लग्नगडी म्हणत. आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी मे १९४५ मध्ये सभा झाली आणि वारल्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हा लढा आहे. गटात एकीने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.

पुढे १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी डहाणूकडे आले, त्यांनी कागद आणि रंग दिले. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नाबाहेरचं सगळं जग त्यावर उतरवलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं मोठेपण खरंच. पण चित्र भिंतीवरून कागदावर आलं तसं ते बहुतेक पुरुषांच्या नावावर गेलं. भिंतीवर सवासिणी नाव लिहीत नव्हत्या. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही कलेला. हाताला नाव आपणच द्यायचं.

आता कामाचं. गडद टेबलावर अख्खा गेरूचा दिवा बुडून जातो. पातळ कापडाच्या शेडवर पांढरा रंग दिला, तर दिवा लावल्यावर तो उजेड अडवतो आणि तारपा वाजवणारा काळा दिसतो. म्हणून शेड कोरी पांढरी ठेवा, चित्र लाकडी पायावर काढा. पाय गेरूचा, चित्र पांढरं, वर पांढरी शेड. टेबल फिकट असेल तर हाच दिवा आणखी खुलतो. निळा-हिरवा मागणारे येतील. द्यायचा तर द्या, पण आधी गेरूचा दाखवा.

नाव लिहायला पायाच्या तळाशी भरपूर जागा असते. पाड्याचं नावही मावतं.