घनमूळाची रीति व पोथींतील रेघा

जुन्या गणितग्रंथांच्या पोथ्या चाळतांना कांहीं संख्यांच्या माथ्यावर उभ्या-आडव्या रेघा दृष्टीस पडतात. वाचक त्यांस खाडाखोड समजतो, व नक्कल करणारा त्या गाळून टाकतो. वस्तुतः ह्या रेघा घनमूळ काढण्याच्या रीतीचें अंगच होत, हें येथें दाखवावयाचें आहे.

ही रीति आर्यभटानें आर्यभटीयांत (इ. स. ४९९) गणितपादाच्या पांचव्या आर्येंत सांगितली आहे. एकं स्थान तें घन. त्याच्या डावीकडील दोन स्थानें अनुक्रमें पहिलें व दुसरें अघन. पुढें पुन्हा घन. घनावर उभी व अघनावर आडवी रेघ देतात ती हा क्रम ओळखण्यासाठींच.

भास्कराचार्यांच्या लीलावतींतील (इ. स. ११५०) १९६८३ हीच संख्या घेऊं. डावीकडील घनस्थानापर्यंत १९ आहेत. त्यांतून २ चा घन ८ वजा करितां ११ उरतात. दुसऱ्या अघनाचे ६ उतरवून ११६ झाले. यांस मूळाच्या वर्गाच्या तिपटीनें, म्हणजे १२ नें, भागावें. भाग ९ वेळां जातो खरा. पण ९ किंवा ८ घेतल्यास पुढील वजाबाकी होत नाहीं. म्हणून ७ घ्यावे. ८४ वजा जाऊन बाकी ३२. पहिल्या अघनाचे ८ उतरवून ३२८. त्यांतून ७ चा वर्ग, २ व ३ यांचा गुणाकार २९४ वजा करितां ३४. शेवटीं घनाचे ३ उतरवून ३४३. त्यांतून ७ चा घन गेला, बाकी शून्य. घनमूळ २७. भाग कमी घ्यावा हें आर्येंत नाहीं; तें गुरुमुखानेंच कळावयाचें.

जी. आर. के या इंग्रज पंडितांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं असें प्रतिपादिलें कीं, ही रीति कोणत्याही अंकलेखनास लागू पडते. सबब तीवरून आर्यभटास स्थानमूल्य ठाऊक होतें असें ठरत नाहीं. याचें खंडन अवधेश नारायण सिंह यांनीं केलेंच आहे. आम्ही तर इतकेंच म्हणतों कीं, वरील उदाहरण पाटीवर करून पाहावें. एकेक अंक उतरविणें, व दर तिसरें स्थान घन मानणें, यांस स्थानमूल्यावांचून अर्थच राहत नाहीं. आर्यभटानें संख्या अक्षरांनीं लिहिल्या असल्या, तरी त्याचें गणित दशगुणोत्तर स्थानांवरच चाललें होतें.

चाळीसगांवानजीक पाटण येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखावरून, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनार्थ मठ स्थापिल्याचें कळतें. ही विद्या आपल्या भूमींत शिकविली गेली. तिच्या खुणा जपणें आपलेंच काम आहे. म्हणून संग्राहकांस विनंति कीं, नक्कल करतांना ह्या रेघा जशाच्या तशा उतराव्या. अंक शुद्ध राहिले पण रेघ गेली, तर उत्तर हातीं राहतें आणि रीति हरवते.