सर्नच्या परवान्याचे कूळ

सॉफ्टवेअरचा मुक्त परवाना उभा असतो तो कॉपीराइटच्या जोरावर. प्रत काढायला लेखकाची परवानगी लागते, म्हणून त्याला अटी घालता येतात. हार्डवेअरमध्ये हा जोर ओसरतो. सर्किटचे रेखाचित्र कॉपीराइटमध्ये येते, त्यावरून बनवलेला बोर्ड बहुधा येत नाही. आपल्याकडचा कॉपीराइट कायदाच बघा: तांत्रिक रेखाचित्रावरून उपकरणाचा निव्वळ कामाचा भाग उद्योगासाठी घडवला, तर कलम ५२ नुसार तो हक्कभंग नाही.

तरी लोक हाताशी होते तेच परवाने डकवत राहिले. २००५ मध्ये इटलीत जन्मलेल्या आर्डुइनो या इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या आराखड्यांना क्रिएटिव्ह कॉमन्स लागला. तो मुळात लेख, चित्रे, गाणी यांच्यासाठीचा. खास हार्डवेअरसाठी परवाना लिहिला तो २००७ मध्ये, टीएपीआर या अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांच्या संस्थेने. पेटंटचा विचार त्यात आला, ही त्याची मोठी कमाई.

पुढचे पाऊल जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत पडले. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांनी २००९ मध्ये आराखड्यांचे सामायिक भांडार उघडले. आराखडे खुले झाले, पण ते घेऊन जाणाऱ्याने सुधारणा परत द्याव्यात हे कोणत्या कागदावर? अभियंता हावियेर सेरानो यांच्या पुढाकाराने आणि सर्नच्या कायदेतज्ज्ञांच्या हातून मार्च २०११ मध्ये सर्न ओएचएल, म्हणजे सर्नचा ओपन हार्डवेअर लायसन्स, आला. जुलैतच त्याची १.१ आवृत्ती काढावी लागली! पहिल्या फटक्यात जमणारे हे काम नव्हतेच.

२०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत एकाचे तीन झाले. ‘एस’मध्ये सुधारित आराखडा बाहेर द्यायचा तर त्याच परवान्याखाली. ‘डब्ल्यू’मध्ये ही सक्ती मूळ भागापुरती, भोवतीचे बंदिस्त राहिले तरी चालते. एफपीजीए, म्हणजे आतले सर्किट कोड लिहून ठरवता येते अशा चिपा, वापरणाऱ्यांना हे सोयीचे, कारण एकाच चिपमध्ये त्यांचे आणि चिप-कंपनीचे कोड शेजारी नांदते. ‘पी’ची मागणी श्रेयापलीकडे फारशी नाही. मला सगळ्यांत आवडते ती ‘एस’मधली एक सोय: मूळ आराखडा कुठे मिळेल तो पत्ता, शक्य तिथे, वस्तूच्या बाहेरच्या कवचावर दिसता ठेवण्याची अट घालता येते. कॉपीराइट बोर्डापर्यंत पोचो न पोचो, पत्ता तर ग्राहकाच्या हातात पडतो.

तेव्हा तुमचा बोर्ड खुला करणार असाल, तर सुधारणा परत हव्यात की नुसता प्रसार, हे आधी ठरवा. परत हव्या असतील तर ‘एस’ घ्या, आणि पत्ता बोर्डावरही छापा.