घर आपले, जमीन कोणाची?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने केली, त्याला शहरातल्या घराची कल्पना नसावी. शहरात घर कोणी बांधत नाही. ते विकत घेतात आणि पुष्कळदा बांधून होण्याच्या आधीच घेतात. गेल्या दिवाळीत माझा भाचा फराळाला आला, तो काखेत एक गुळगुळीत पुस्तिका घेऊनच. तीत पोहण्याचा तलाव होता, बाग होती आणि बागेत हसत बसलेले एक कुटुंबही होते.

“मामा, सातशे चौरस फूट. पाडव्याला बयाणा द्यायचा म्हणतोय. तुम्ही एकदा नजर टाका.”

मी पुस्तिका दोनदा चाळली आणि विचारले, “जमीन कोणाच्या नावावर आहे?”

चकलीचा तुकडा हातात धरून तो माझ्याकडे पाहतच राहिला. “मामा, मी फ्लॅट घेतोय. जमीन नाही.”

हे उत्तर मला नवे नव्हते. काही वर्षांपूर्वी मी स्वतःच ते आमच्या इमारतीतल्या नानांना दिले होते. ती हकीगत पुढे येईलच. पण मी पडलो मास्तर. कोणत्याही गोष्टीला मुळापासून सुरुवात करण्याची खोड काही जात नाही. म्हणून आधी थोडा इतिहास.

आपल्याकडच्या जुन्या खरेदीखतांत एक गोष्ट हमखास आढळते, ती म्हणजे चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस गल्ली, उत्तरेस विहीर, दक्षिणेस तमक्याचा वाडा. घराला किती खण आहेत हे नंतर. आधी ते पृथ्वीच्या पाठीवर नेमके कुठे उभे आहे, हे लिहायचे. त्यावर साक्षी पडत, आणि साक्षीदारांत शेजारीपाजारी असत. पेशवाईतल्या पुण्यात घराजागांच्या खरेदीविक्रीचे कागद पाहणे हे कोतवालाच्या कामांपैकी एक होते. घर म्हणजे जमीन आणि तिच्यावरचे छप्पर, ही दोन्ही एकच वस्तू, अशी त्या काळाची समजूत होती. छप्पर विकत घेतले आणि जमिनीचे विचारायचे राहिले, असे कोणी म्हणाला असता तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते.

ही समजूत मोडली ती मुंबईने. गिरण्या आल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसे आली, आणि त्यांना राहायला चाळी उभ्या राहिल्या. 1896 साली प्लेग आला तेव्हा या दाटीचे खरे रूप सरकारला दिसले. 1898 मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रस्ते रुंद केले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. 1920 मध्ये विकास खाते निघाले आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे 207 चाळी बांधल्या. लोक त्यांना आजही बीडीडी चाळी म्हणूनच ओळखतात. या सगळ्या खोल्यांत राहणारा माणूस भाडेकरू होता. भाडे वेळेवर द्यावे, पावती जपून ठेवावी, एवढाच त्याचा घराशी कागदी संबंध. जमीन ट्रस्टची की शेटजींची, याची चौकशी त्याने का करावी?

पुढे 1947 चा भाडेनियंत्रण कायदा आला. 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे होते, तेच साधारणपणे प्रमाण धरले गेले. युद्धानंतरच्या टंचाईत त्या कायद्याने हजारो कुटुंबांना रस्त्यावर येण्यापासून वाचवले, हे विसरता येणार नाही. पण भाड्याने देण्यासाठी घर बांधण्यात मालकाला रस उरला नाही, जुन्या चाळींची डागडुजी थांबली आणि खोलीपेक्षा मोठी झाली ती पागडी. तीन पिढ्या अशा गेल्या. त्यांतून मुंबईकराला एक सवय जडली: पायाखाली पाहायचे नाही.

याला एक फार सुंदर अपवाद आहे. श्रीपाद सुब्राव तालमकी या सहकारी चळवळीतल्या कार्यकर्त्याने पुढाकार घेतला आणि 1915 साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवली गेली. 1912 च्या कायद्याने पतपेढ्यांखेरीज इतर सहकारी संस्थांनाही वाट मोकळी करून दिली होती. तिचा हा उपयोग. एकेकट्या कारकुनाला मुंबईत जमीन घेणे अशक्य. पण सगळ्यांनी मिळून संस्था काढली, तर संस्था मालक आणि सभासद तिचा रहिवासी. त्यात घर वेगळे नव्हते आणि जमीनही परकी नव्हती. आज आपण ज्याला नुसते ‘सोसायटी’ म्हणतो, त्या शब्दाच्या मुळाशी ही कल्पना आहे. मासिक वर्गणी, पाण्याची टाकी आणि जिन्यातली भांडणे हा तिचा नंतरचा विस्तार!

स्वातंत्र्यानंतर एक नवा शब्द आला, ‘ओनरशिप फ्लॅट’. आता बांधणारा व्यापारी होता. तो जमीन घेई, किंवा घेण्याचा नुसता करार करी, आणि मजल्यांच्या नकाशावर पैसे गोळा करी. तक्रारी इतक्या वाढल्या की 1960 मध्ये सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली आणि 1963 मध्ये महाराष्ट्राचा मालकी सदनिकांचा कायदा झाला. तोच ‘मोफा’. कायद्याची कलमे सहसा कोणी गोष्टीसारखी वाचत नाही, पण ही वाचावीत. जमिनीवरचा हक्क उघड करावा, असे कलम सांगते. म्हणजे तो लपवला जात होता. मंजूर नकाशे दाखवावेत, म्हणजे ते दाखवले जात नव्हते. करार लेखी करून नोंदवावा, त्याआधी किमतीच्या पाचव्या हिश्शाहून अधिक रक्कम घेऊ नये, म्हणजे ती घेतली जात होती. प्रत्येक कलमाच्या मागे पुंजी गमावून बसलेले कोणीतरी कुटुंब उभे आहे.

याच कायद्यात आणखी एक गोष्ट होती. सोसायटी स्थापन झाल्यावर बांधणाऱ्याने जमीन व इमारत तिच्या नावावर करून द्यावी, आणि नियमाप्रमाणे ती चार महिन्यांच्या आत. यालाच कन्व्हेयन्स म्हणतात. तालमकींच्या संस्थेत जे आधी होते, ते इथे शेवटी ठेवले गेले. आणि शेवटी ठेवलेली गोष्ट राहून जाते, हा अनुभव घरोघरी आहेच.

आता नाना. आमची इमारत 1978 सालची, एका उपनगरातली. वडिलांनी फंडातले पैसे काढून तिथे दोन खोल्या घेतल्या. नाना तळमजल्यावर राहत. रेल्वेतून निवृत्त झालेले, अंगात बंडी, डोळ्यांवर जाड भिंगे. दरवर्षी वार्षिक सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ आले की नाना उठत आणि म्हणत, “कन्व्हेयन्सचं काय झालं?” तोवर बटाटेवड्याच्या बशा फिरू लागलेल्या असत. कोणी घड्याळ पाही, कोणी हसू दाबी. मी नुकताच कमिटीवर आलो होतो, तेव्हा एकदा म्हणालो, “नाना, फ्लॅट तर आपला आहे ना? जमीन काय डोक्यावर घेऊन जायचीय?” सभा खळखळून हसली. नाना मात्र शांतपणे म्हणाले, “मास्तर, घरटं आपलं असलं तरी झाड कोणाचं ते विचारून ठेवावं,” आणि खाली बसले.

2011 च्या पावसाळ्यात तळमजल्याच्या खांबांना भेगा पडल्या. अभियंत्याने पाहून सांगितले की दुरुस्तीवर फार काळ निभणार नाही. पुनर्विकासासाठी एकजण आला. त्याने पहिलाच कागद मागितला तो मालमत्ता पत्रकाचा. आम्ही तो काढून आणला, तर त्यावर मूळ जमीनमालकाचे नाव! तो केव्हाच वारला होता. बांधणाऱ्याने आपला गाशा गुंडाळला होता. वारस तीन गावी, आणि आमच्या गरजेचा सुगावा लागताच त्यांच्या मागण्या वाढत चाललेल्या. आलेला माणूस पुन्हा फिरकला नाही. त्याच वर्षी थंडीत नाना गेले.

वाट निघाली ती कायद्याच्याच एका दुरुस्तीतून. 2008 मध्ये ‘मोफा’त मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली होती. बांधणारा वा मालक करून देत नसेल, तर सोसायटी थेट जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करू शकते. तो दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून हुकूम देतो आणि त्यावरून दस्त नोंदवता येतो. अर्जाला सभासदांचे नोंदणीकृत करार, मंजूर नकाशा, सोसायटीचा नोंदणी दाखला असे नाना प्रकारचे कागद लागतात. ते जमवताना आम्ही मेटाकुटीला आलो होतो. एके दिवशी नानांच्या सूनबाईंनी एक फडक्यात बांधलेली फाइल माझ्या हाती दिली. निम्म्याहून अधिक कागदांच्या नकला तीत ओळीने लावून ठेवलेल्या होत्या. माझ्या वडिलांच्या कराराची नक्कलही होती. ज्या सभेत मी त्यांची थट्टा केली, त्याच महिन्यातली तारीख तिच्यावर नानांच्या अक्षरात होती. मी ती फाइल घेऊन जिन्यातच बराच वेळ उभा होतो.

2016 साली मालमत्ता पत्रकावर सोसायटीचे नाव चढले.

हे सारे मी भाच्याला सांगितले आणि मग वहीच्या पानावर त्याला प्रश्न लिहून दिले. मालमत्ता पत्रक किंवा सातबारा पाहा, पण त्यावरच थांबू नकोस; सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे. वकिलाकडून मागच्या तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घे. 2016 च्या रेरा कायद्याखाली योजना नोंदलेली आहे का, तिच्यावर बोजा किंवा दावा आहे का, ते महारेराच्या नोंदीत बघ. करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक देऊ नकोस; पूर्वीचे वीस टक्के या कायद्याने दहावर आणले आहेत. सातशे चौरस फूट म्हणजे चटई क्षेत्र किती, ते लेखी घे, कारण जिना आणि लिफ्ट यांवर अंथरूण घालता येत नाही. इमारतीखालच्या खांबांमधली मोटारीची जागा सदनिकेसारखी वेगळी विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितले आहे. जुने घर घेणार असलास तर नुसत्या मुखत्यारपत्रावर भुलू नकोस. त्याने मालकी मिळत नाही, हा निकाल 2011 चा. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय किल्ली घेऊ नकोस. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला, तर बांधणाऱ्याने तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा आहे, हे लक्षात ठेव. इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तिशी उलटली की दर तीन वर्षांनी तिची तपासणी करून घ्यायची, हे सोसायटीच्या उपविधींतच आहे. आणि वार्षिक सभेत एखादा म्हातारा कन्व्हेयन्सचे विचारील, तेव्हा बटाटेवडा खाली ठेव.

भाचा पाडव्याला पुस्तिकेवाल्यांकडे गेला, पण बयाणा न देता, वही घेऊन. संध्याकाळी परत आला तेव्हा जरा हिरमुसलेला होता. “मामा, तो म्हणाला, ‘साहेब, असं कोणी विचारत नाही.’”

मला त्या माणसाचे बोलणे अगदी खरे वाटले. कोणी विचारत नाही. आपण भाडेकरूचे मालक झालो, पण नजर भाडेकरूचीच राहिली, एवढाच या साऱ्या इतिहासाचा सारांश आहे. भाच्याचे घर अजून ठरायचे आहे. आमची इमारत अजून जुनीच उभी आहे आणि नव्या इमारतीची बोलणी चालू आहेत. पण आता ती आमच्या जमिनीवर चालू आहेत. लक्ष्मीपूजनाला आम्ही मालमत्ता पत्रकाची प्रत चौरंगावर ठेवतो. शेजारी फडक्यात बांधलेली ती फाइल असते, आणि पहिले हळदकुंकू तिला वाहतो.